चिमुकल्या शब्दांची संगत



शाळा सुटता सुटता वर्गातील विजेचा दिवा चालूच राहिला होता. इंग्रजीचा तास नुकताच संपला होता. त्या हौसेत एका मुलाने आपल्या सोबत्यास इंग्रजीतच सांगितले, ‘प्लीज, टर्न ऑफ इट.’ दिवा मालवला गेला, काम झाले. पण मी त्याला थांबवून म्हटले, “असे नव्हे. ‘टर्न इट ऑफ’ म्हण.” मुलगा चाणाक्ष होता. तो म्हणाला, “बाई, ‘टर्न ऑफ द लाइट’ हे तुम्हीच शिकवलेत. मी ‘द लाइट’च्या जागी सर्वनाम घातले, एवढेच. मग चुकले कुठे?”

प्रश्न रास्त होता. ‘इंग्रजीची रूढीच तशी आहे’ असे सांगून त्याची बोळवण करणे सोपे होते, आणि पुष्कळ वर्षे मी तसे करीतही आले होते. परंतु इन, ऑन, ऑफ, अप, फॉर, टू या चिमुकल्या शब्दांपायी आपल्या मुलांचे जितके गुण जातात, तितके मोठमोठ्या अवघड शब्दांपायीही जात नसतील. तेव्हा हे शब्द सर्वनामांशी आणि क्रियापदांशी कशी संगत धरतात, ते आज थोडे उलगडून पाहू.

आरंभ आपल्या घरातूनच करू. मराठीत ‘झाडावर’, ‘घोड्याखाली’, ‘आईसाठी’ असे आपण म्हणतो. वर, खाली, साठी ही शब्दयोगी अव्यये नामाच्या नंतर येऊन त्याला चिकटतात. कोकणी, कन्नड, तेलुगू, गुजराती, हिंदी या आपल्या शेजारभाषांतही हे काम करणारा शब्द किंवा प्रत्यय नामानंतरच येतो. म्हणजे आपले मूल पणजीत वाढो, बेळगावात वाढो, हैदराबादेत वाढो की इंदूर-बडोद्यास, त्याच्या कानाला आधी वस्तू आणि मग तिचा संबंध, हीच सवय असते. इंग्रजीत क्रम उलटा: आधी ‘ऑन’, मग ‘द ट्री’. ‘प्रेपोझिशन’ या नावाचा अर्थच मुळी ‘आधी ठेवलेले’ असा आहे.

शब्दयोगी अव्यय लागताना मराठी नाम आपले रूप बदलते. ‘घोडा’ आणि ‘वर’ मिळून ‘घोड्यावर’ होते. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. जुन्या इंग्रजीतही नामांना विभक्तीची निरनिराळी रूपे होती. अकराव्या शतकानंतरच्या दोन-तीनशे वर्षांत ती बहुतेक झिजून गेली. सर्वनामांनी मात्र आपला जुना वारसा राखला. म्हणून ‘ट्री’ कोठेही ‘ट्री’च राहते, पण ‘आय’चे ‘मी’, ‘ही’चे ‘हिम’, ‘शी’चे ‘हर’, ‘वुई’चे ‘अस’, ‘दे’चे ‘देम’ होते. ‘यू’ आणि ‘इट’ तेवढी बदलत नाहीत.

हा नियम मराठी मुलाला परका वाटण्याचे कारण नाही. कोणतेही मराठी मूल ‘तोसाठी’ किंवा ‘मीवर’ म्हणत नाही. ‘त्याच्यासाठी’, ‘माझ्यावर’ असेच म्हणते. ‘फॉर ही’ म्हणणे हे ‘तोसाठी’ म्हणण्यासारखेच आहे, एवढे एकदा मनात ठसले की ‘फॉर हिम’ आपोआप तोंडी येते. घोटाळा होतो तो दोन माणसे जोडीने आली म्हणजे. ‘बिटवीन यू अँड आय’ हे कित्येकांना अधिक सभ्य वाटते. पण ‘बिटवीन’ हा शब्द दोघांवरही चालतो, म्हणून ‘बिटवीन यू अँड मी’ हेच शुद्ध मानतात. ही चूक केवळ आपलीच, असे समजून कोणी खाली मान घालू नये. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकात अँटोनिओच्या पत्रातही ‘बिटवीन’च्या मागोमाग ‘आय’ आलेला आहे. शंका वाटल्यास जोडीदाराला क्षणभर बाजूला करावे. ‘फॉर माय ब्रदर अँड आय’ यातून भाऊ काढला की ‘फॉर आय’ उरते, आणि ते कानाला तात्काळ खटकते.

आता क्रियापदांकडे वळू. येथे आपली मराठी आपल्याला नकळत ओढून नेते. आपण एखाद्या गोष्टी‘विषयी’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट इट’ लिहितो. शुद्ध इंग्रजी ‘डिस्कस इट’. आपण कोणा‘शी’ लग्न करतो, म्हणून ‘मॅरीड विथ हिम’ लिहितो. शुद्ध ‘मॅरीड हिम’. कोणी आपल्या‘वर’ रागावतो, म्हणून ‘अँग्री ऑन मी’. शुद्ध ‘अँग्री विथ मी’. उलटपक्षी, आपण ‘माझे ऐक’ म्हणतो, त्यात वर, शी, विषयी असे काही नसते. म्हणून ‘लिसन मी’ म्हणून मोकळे होतो, आणि ‘लिसन टू मी’मधला ‘टू’ हरवतो. ‘त्याची वाट पाहा’ याचे ‘वेट हिम’ होते, ‘वेट फॉर हिम’ होत नाही. अशी चूक करणारा मुलगा आळशी किंवा मंद नसतो. तो आपल्या मातृभाषेशी प्रामाणिक असतो. कोणत्या क्रियापदाला कोणता सोबती, हे दोन भाषांनी आपापले ठरवलेले आहे, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अप’ यांसारखे शब्द इंग्रजीत दोन घरी नांदतात. कधी ते पुढील नामाचे असतात, तर कधी मागील क्रियापदाचे. ‘सिट ऑन द कोट’ म्हणजे कोटावर बस. येथे ‘ऑन’ कोटाचा आहे. ‘पुट ऑन द कोट’ म्हणजे कोट अंगात घाल. येथे ‘ऑन’ हा ‘पुट’चा भागीदार असून दोघांचा मिळून एक अर्थ झाला आहे. वरवर पाहता दोन्ही वाक्यांची ठेवण एकच दिसते. पण ‘कोट’च्या जागी ‘इट’ घाला म्हणजे सोने आणि पितळ वेगळे होते. पहिले ‘सिट ऑन इट’ असेच राहते. दुसरे ‘पुट इट ऑन’ होते. ‘ही रॅन अप द हिल’ म्हणजे तो टेकडी चढून धावत गेला, त्याचे ‘रॅन अप इट’. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्याने उधारी वाढवली, त्याचे ‘रॅन इट अप’.

असे का होते, ते कानाने समजते. ‘टर्न इट ऑफ’ मोठ्याने म्हणून पाहा. जोर ‘ऑफ’वर पडतो, आणि ‘इट’ मधल्यामध्ये हलकेच निसटून जाते. ‘इट’ने दाखवलेली वस्तू आधीच ठाऊक असते. इंग्रजी वाक्याला शेवटी वजनदार शब्द हवा असतो. म्हणून क्रियापदाचा जोडीदार शेवटी जातो आणि सर्वनाम मध्ये येते. ‘द लाइट’सारखे नाम वजनदार असल्याने ते दोन्हीकडे चालते: ‘टर्न ऑफ द लाइट’ किंवा ‘टर्न द लाइट ऑफ’. याउलट ‘लुक ॲट हिम’ म्हणजे त्याच्याकडे पाहा, ‘लुक फॉर हिम’ म्हणजे त्याला शोध, ‘लुक आफ्टर हिम’ म्हणजे त्याला सांभाळ. या तिन्हींत चिमुकला शब्द सर्वनामाचा हात सोडीत नाही.

जाता जाता माझीच एक चूक सांगते. नोकरीच्या आरंभी एका मुलीने निबंधात लिहिले होते, ‘द चेअर आय सॅट ऑन वॉज ब्रोकन.’ वाक्यखंडाच्या शेवटी ‘ऑन’ एकटा पाहून मी त्यावर लाल रेघ ओढली आणि गुण कापला. प्रेपोझिशन शेवटी येऊ नये, असे मलाही शाळेत कोणीतरी शिकवले होते. पुढे वाचनात आले, की या आक्षेपाचा गाजावाजा ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनवर टीका करताना केला. १७६२ साली व्याकरणकार लौथ यानेही ही धाटणी घरगुती बोलण्यालिखाणाला साजते, हे मान्य केले होते; आणि १९२६ साली फौलरने तर या समजुतीची गणना अंधश्रद्धेतच केली. मुलीचे वाक्य निर्दोष होते. त्या लाल रेघेनंतर ती स्वतःची वाक्ये लिहीनाशी झाली. पाठ केलेलीच उतरवू लागली. तो गुण मी तिला परत देऊ शकले नाही.

म्हणून पालकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती. क्रियापद एकटे पाठ करून घेऊ नका. त्याच्या सोबत्यासह आणि एका सर्वनामासह तोंडी बसवा. ‘वेट फॉर हिम’, ‘लिसन टू मी’, ‘डिस्कस इट’, ‘टर्न इट ऑफ’. दोन-तीन शब्दांच्या त्या लहानशा वाक्यात सर्वनामाचे रूप, सोबती आणि त्याची जागा हे सारेच धडे येतात. आणि मुलाने ‘चुकले कुठे?’ असे विचारले, तर लाल पेन्सिल क्षणभर खाली ठेवून त्याचे ऐकून घ्या.

(नभोवाणीवरील भाषण)