लिलावातले तिकीट: आधी पुरावा, मग बोली

ऑनलाइन लिलावात जुने टपाल तिकीट घेताना विक्रेत्याच्या मोठ्या नावापेक्षा तिकिटाच्या पुराव्याला महत्त्व द्यावे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेले गांधीजींचे १० रुपयांचे तिकीट पाहा. स्वित्झर्लंडमध्ये छापलेल्या या तिकिटाच्या अवघ्या १०० प्रतींवर ‘सर्व्हिस’ हा शब्द वरून छापला होता; २०१७ मध्ये अशा चार तिकिटांच्या पट्टीला ५ लाख पौंड मिळाले. साध्या तिकिटावर तो एक शब्द उमटवायला बनावटखोराला कितीसा वेळ लागणार? मागून नव्याने लावलेला डिंक तर समोरच्या फोटोत दिसतही नाही. विक्रेत्याचे मानांकन उत्तम आहे, माल परतही घेतात, मग काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. पण मानांकन बहुधा वेळेवर पोचलेल्या पार्सलाचे असते आणि परतीची मुदत तज्ज्ञाचा अभिप्राय येण्याआधीच संपू शकते. स्वस्त तिकिटाला प्रमाणपत्राचा खर्च परवडत नाही हे खरे. महाग तिकिटात मात्र तो टाळणे परवडत नाही.

विकणाऱ्यानेही हिशेब आधी मांडावा. समजा, बोली १०,००० रुपयांवर थांबली. खरेदीदाराकडून २० टक्के अधिभार घेतला आणि विकणाऱ्याची १५ टक्के दलाली कापली, तर एकाने १२,००० मोजले आणि दुसऱ्याच्या हाती ८,५०० आले. त्या बदल्यात दूरदूरचे ग्राहक मिळतात, म्हणून हा व्यवहार वाईट नाही. मात्र किमान किंमत, दलाली, विमा आणि न विकल्यास परतीचा खर्च लेखी ठरल्याशिवाय तिकीट कुणाच्याही हाती सोपवू नका.