फलद्रूप बैठकीचा वस्तुपाठ

एकत्र बसून विचारविनिमय केल्याशिवाय कोणत्याही संस्थेचे काम पुढे सरकत नाही, हे सर्वांना मान्य असते. तरीही बैठक म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी भावना अनेक कार्यालयांत आणि कारखान्यांत घर करून बसलेली दिसते. या दुखण्यावरचे उपाय सहसा व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत शोधले जातात. परंतु सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत गावोगावच्या महिला बचत गटांनी जी बैठकपद्धत अंगी बाणवली आहे, तिच्यात त्यांपैकी बहुतेक उपाय प्रत्यक्ष वापरात आहेत आणि म्हणूनच तिचा अभ्यास कोणत्याही कार्यालयाला उपयोगी पडावा असा आहे.

बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग नाबार्डने 1992 मध्ये 500 गटांपासून सुरू केला आणि पुढे तो देशभर पसरला. महाराष्ट्रात 2011 पासून ‘उमेद’ म्हणजेच राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने या गटांना पंचसूत्रीची शिस्त लावली. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन ही ती पाच सूत्रे होत. त्यांत बैठकीला पहिले स्थान आहे, कारण उरलेली चारही सूत्रे बैठकीतच अमलात येतात. शिवाय कर्ज देण्यापूर्वी बँक गटाचे जे गुणांकन करते, त्यात बैठकांच्या नियमितपणालाही गुण असतात.

आठवड्याचा वार आणि वेळ ठरलेली असते. सदस्या गोलाकार बसतात, त्यामुळे अध्यक्षांसाठी वेगळी, उंच जागा उरत नाही. हजेरी झाली की मागील बैठकीचे इतिवृत्त, म्हणजे तेव्हा काय ठरले याची लेखी नोंद, मोठ्याने वाचली जाते. त्यानंतर बचतीचे आणि हप्त्याचे पैसे सर्वांसमक्ष मोजले जातात व प्रत्येकीच्या पासबुकात तिथल्या तिथे नोंद होते. एकीला शेळी घ्यायची असते, दुसरीला मुलाची फी भरायची असते आणि शिल्लक मात्र एकीपुरतीच असते. अशा वेळी कोणाची गरज आधी, याचा निर्णय त्या दोघींच्या देखत चर्चेने घेतला जातो आणि परतफेडीच्या मुदतीसह वहीत उतरतो.

ही बैठक जिवंत राहते याची कारणे तिच्या रचनेतच आहेत. गटात साधारणपणे 10 ते 20 सदस्या असल्याने प्रत्येकीला बोलण्याची वेळ मिळते. बैठकीत ज्या पैशाचा निर्णय होतो तो प्रत्येकीच्या घामाचा असल्याने लक्ष विचलित होत नाही. आणि आज जे कबूल केले ते पुढच्या वेळी सर्वांपुढे वाचले जाणार, ही जाणीव असल्याने शब्द सांभाळून दिला जातो. सहभाग हा उपदेशाने किंवा खेळीमेळीच्या उपक्रमांनी वाढत नसून, आपल्या बोलण्याने निर्णय बदलू शकतो आणि तो निर्णय पाळला जातो, या अनुभवाने वाढतो.

हीच तत्त्वे सोलापुरातील चादरी-टॉवेलच्या एखाद्या कारखान्याला लावून पाहता येतील. रंगखात्याकडून विणकामाला सूत उशिरा मिळते, अशी तक्रार असेल आणि ‘समन्वय वाढवावा’ असा ठराव झाला, तर पुढच्या बैठकीत तपासण्याजोगे काहीच हाती राहत नाही. उलट, कोणत्या रंगाचे सूत, कोणत्या वारी, कोणी पोचवायचे आणि अडचण आल्यास आदल्या दिवशी कोणाला कळवायचे, हे नावानिशी लिहिले गेले, तर पुढची बैठक त्या नोंदीच्या वाचनापासून सुरू होऊ शकते. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही, त्यांना बोलावू नये; आणि केवळ माहिती कळवायची असेल, तर बैठक न घेता सूचनापत्र पाठवावे.

विषयपत्रिका, म्हणजे चर्चेच्या मुद्द्यांची क्रमवार यादी, आधीच हाती पडणे आवश्यक असते, आणि तिच्यातील क्रमही विचारपूर्वक लावावा लागतो. ब्रिटिश लेखक नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1957 मधील आपल्या पुस्तकात एक काल्पनिक समिती रंगवली आहे. ती अणुभट्टीचा प्रचंड खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवण्याच्या छपरावर पाऊण तास वाद घालते, कारण छपराविषयी प्रत्येकाला काहीतरी ठाऊक असते. म्हणून अवघड व महत्त्वाचा विषय सर्वजण ताजेतवाने असताना, आरंभीच घेणे श्रेयस्कर ठरते.

बैठक चालवणाऱ्याने आपले मत शेवटी मांडावे, कारण वरिष्ठाने आधीच कौल दिला की कनिष्ठ मान डोलावतात. जपानमध्ये 1962 मध्ये काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने जी गुणवत्ता मंडळे सुरू झाली, त्यांचा पाया हाच होता की, कामातील दोष प्रत्यक्ष काम करणाऱ्याला सर्वांत आधी दिसतो आणि म्हणून त्याला नियमितपणे बोलते केले पाहिजे. सोलापुरात याला भाषेचाही पैलू आहे. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे कामगार जिथे एकत्र काम करतात, तिथे निर्णय ऐकणाऱ्याच्या भाषेत पुन्हा सांगणे हा सहभागाचाच भाग आहे.

अर्थात, पद्धत चांगली असली तरी ती आपोआप टिकत नाही. वही नंतर घरी बसून भरली आणि सह्या दारोदार फिरून घेतल्या, की बचत गटाची बैठकही कागदावरच उरते. त्यामुळे बैठकीच्या यशाचे मोजमाप चर्चा किती रंगली यावरून न करता, मागच्या वेळी ज्याच्या नावावर जे काम लिहिले गेले त्याचे काय झाले, हे आज सर्वांपुढे विचारले जाते की नाही यावरून करावे. आणि हा प्रश्न विचारण्याची सवय प्रमुखाने प्रथम स्वतःच्या नावावरील कामापासून लावावी.