दहा, नऊ, आठ

लखनौ शहराच्या चारबाग भागात दोन रेल्वे स्थानके एकमेकांना लागून उभी आहेत. लाल-पांढऱ्या रंगाची, घुमटांची आणि कमानींची जी भव्य इमारत आपण चित्रांत पाहतो, ती उत्तर रेल्वेची. तिची पायाभरणी १९१४ साली झाली. वरून पाहिले असता तिचे मनोरे व घुमट बुद्धिबळाच्या पटावर मांडलेल्या मोहऱ्यांसारखे दिसतात, असे लखनौकर कौतुकाने सांगतात. शेजारचे लखनौ जंक्शन हे स्थानक मात्र पूर्वोत्तर रेल्वेचे. तेथे पूर्वी मीटरगेज गाड्या येत असत, म्हणून लोक त्याला ‘छोटी लाईन’ म्हणतात. मुंबईहून निघणारी पुष्पक एक्सप्रेस भुसावळ, भोपाळ, झाशी, कानपूर असा सुमारे चोवीस तासांचा प्रवास करून अनेक वर्षे याच छोट्या लाईनवर येत आली आहे.

समजा, घरी मार बसला म्हणून रागावलेला अकरा वर्षांचा एक मुलगा भुसावळला या गाडीच्या जनरल डब्यात चढला. गाडी कोठे जाते, हे त्याला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सारे प्रवासी उतरले, म्हणून तोही उतरला. त्याच्याजवळ पैसे नाहीत, भाषा धड येत नाही आणि घर हजार किलोमीटरच्या आसपास मागे राहिले आहे. हा मुलगा काल्पनिक आहे. परंतु अशी मुले मोठ्या जंक्शनवर नेहमीच उतरत असतात. कोणी घर सोडून आलेले असते, कोणी गर्दीत आईवडिलांपासून चुकलेले असते, तर कोणाला कामाचे आमिष दाखवून आणलेले असते.

अशा मुलाच्या बाबतीत पहिले काही तास फार मोलाचे असतात. तो भुकेला असतो, घाबरलेला असतो आणि जो कोणी प्रथम गोड बोलेल त्याच्या मागे जाण्याची शक्यता असते. तो प्रथम बोलणारा माणूस कोण असेल, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून राहते. फलाटावर रिकाम्या बाटल्या गोळा करणारी थोडी मोठी मुले त्याला आपल्यात घेतील. एखादा ढाबेवाला त्याला भांडी घासायला ठेवील. एखादा दलाल त्याला दुसऱ्याच गाडीत बसवील. किंवा फलाटावरचा चहावाला १०९८ हा क्रमांक फिरवील.

हा क्रमांक आपल्या मुंबईत जन्मला. टाटा समाजविज्ञान संस्थेत अध्यापन करणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांचा मुंबईतील रस्त्यांवर व स्थानकांवर राहणाऱ्या मुलांशी नित्य संबंध येत असे. अडचण आली तर फोन करा, असे सांगून त्या आपल्या घरचा दूरध्वनी क्रमांक मुलांना देत. मुले खरोखरच फोन करू लागली आणि तेही रात्री-अपरात्री. कोणी आजारी पडलेला, कोणाला पोलिसांनी नेलेले, कोणी नुसतेच एकाकी. एका व्यक्तीच्या घरच्या फोनवर हे काम पेलणारे नव्हते. त्यातून जून १९९६ मध्ये संस्थेचा एक प्रायोगिक उपक्रम म्हणून ‘चाइल्डलाइन’ ही सेवा सुरू झाली. १९९९ साली तिच्या देशभरच्या विस्तारासाठी चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन स्थापन झाले. केंद्र सरकारचा पैसा, दूरसंचार खात्याने दिलेला विनाशुल्क क्रमांक आणि गावोगावच्या स्वयंसेवी संस्थांची माणसे, अशा तिहेरी आधारावर ती पाचशेहून अधिक जिल्ह्यांत पोहोचली.

आता या क्रमांकाकडेच थोडे बारकाईने पाहा. एक, शून्य, नऊ, आठ असा तो वाचला तर चार सुटे आकडे होतात. पण दहा, नऊ, आठ असा म्हटला की उलटी मोजणी होते आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या मुलाच्या लक्षात राहते. उत्तरेत मुले त्याला ‘दस-नौ-आठ’ म्हणतात. नाणे न टाकता सार्वजनिक दूरध्वनीवरून तो लावता येत असे, हीदेखील त्या काळी साधी गोष्ट नव्हती. एक रुपया जवळ नसलेल्या मुलासाठीच तर ही सेवा होती.

या सेवेच्या नोंदींमध्ये ‘मूक फोन’ असा एक प्रकार आढळतो. फोन वाजतो, उचलला जातो, पण पलीकडून कोणी बोलत नाही. असे फोन फार मोठ्या संख्येने येत. दुसऱ्या एखाद्या कार्यालयाने ते खोडसाळ म्हणून सोडून दिले असते. येथे मात्र फोन घेणाऱ्यांना शिकवले जाई की, घाईने फोन ठेवू नये. मूल पलीकडचा आवाज पारखून घेत असते. कदाचित तिसऱ्या किंवा चौथ्या वेळी ते बोलेल. मला स्वतःला या सेवेतील सर्वांत अवघड काम हेच वाटते.

दूरध्वनीवरून आधार देण्याची कल्पना जगात नवी नव्हती. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मोपदेशकांनी आत्महत्येचा विचार करणाऱ्यांसाठी ‘समॅरिटन्स’ ही सेवा सुरू केली होती. तेथे आस्थेने ऐकून घेणे हीच मुख्य सेवा होती. आपल्याकडील प्रश्न निराळा होता. फलाटावर तापाने फणफणलेल्या मुलाचे नुसते ऐकून घेऊन कसे भागेल? त्याच्यापर्यंत कोणीतरी चालत जायला हवे. म्हणून चाइल्डलाइनने एक दंडक घालून घेतला : फोन आल्यापासून साठ मिनिटांच्या आत कार्यकर्ता मुलापर्यंत पोहोचला पाहिजे. त्यामुळे मदतवाहिनी म्हणजे केवळ दूरध्वनी नव्हे, हे ध्यानात घ्यायला हवे. त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला रुग्णालय, पोलीस ठाणे, निवारागृह आणि बालकल्याण समिती ही सारी त्याच गावात जोडलेली असावी लागतात. ती जोडलेली नसतील, तर फोन घेणारा कितीही कनवाळू असला तरी त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

चारबागवर ही जोडणी करणे सोपे नव्हते. दोन स्थानके, दोन रेल्वे विभाग; शिवाय रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे आणि लोहमार्ग पोलीस राज्याचे. मूल एका फलाटावर सापडते आणि दुसऱ्या हद्दीत जाऊन झोपते. लखनौमधील ‘एहसास’ या संस्थेने येथील मुलांमध्ये दीर्घकाळ काम केले आहे. अशा कामात स्थानकावरचे हमाल, फेरीवाले, सफाई कामगार आणि तिकीट तपासनीस यांच्याशी ओळख ठेवावी लागते, कारण नवे मूल प्रथम त्यांच्याच नजरेस पडते. रेल्वे मंत्रालयाने २०१५ साली स्थानकांवर सापडणाऱ्या मुलांसंबंधी एक कार्यपद्धती ठरवून दिली. त्यामुळे कोणी काय करायचे, हे निदान कागदावर तरी स्पष्ट झाले.

आपल्या काल्पनिक मुलाकडे परत जाऊ. चहावाल्याने फोन केला, कार्यकर्ती आली. तिने प्रथम त्याला खाऊ घातले. नाव-गाव नंतर विचारले. हा क्रम महत्त्वाचा आहे. मग पोलिसांकडे नोंद आणि वैद्यकीय तपासणी होते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अशा मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. अध्यक्ष व चार सदस्य यांची ही समिती असते आणि तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मूल कोठे राहील, हे कार्यकर्ती ठरवीत नाही आणि पोलीसही ठरवीत नाहीत; ते समिती ठरवते.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. मुलगा मराठीत सांगतो आणि ऐकणाऱ्याला हिंदी येते. ‘भुसावळ’ हा शब्द कळला, तरी तो वस्तीचे नाव सांगेल, शाळेचे सांगेल किंवा नुसतेच ‘पुलापलीकडे’ म्हणेल. अशा वेळी लखनौची समिती जळगाव जिल्ह्यातील यंत्रणेला कळवते. तेथील माणूस घर शोधतो, शेजाऱ्यांशी बोलतो आणि अहवाल पाठवतो. आईवडील सापडले, एवढे पुरेसे नसते. मुलगा घरातून का निघाला, याचा उलगडा होणे आवश्यक असते. मार हेच कारण असेल आणि ते तसेच राहिले, तर तो पुन्हा गाडीत बसेल. म्हणून काही मुले आठवड्यात घरी जातात, काहींना काही महिने बालगृहात ठेवावे लागते.

२०२२ नंतर या सेवेच्या रचनेत मोठा बदल झाला. केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेखाली १०९८ हा क्रमांक शासनाच्या नियंत्रण कक्षांकडे सोपवण्यात आला आणि तो ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात आला. २०२३ मध्ये हे हस्तांतर टप्प्याटप्प्याने घडले. पोलीस, रुग्णवाहिका व बालसंरक्षण कक्ष एकत्र आले तर मदत लवकर पोहोचेल, ही शासनाची भूमिका. याउलट, घरातून पळालेले मूल गणवेशाला भिते, ते आपले दुःख सरकारी कक्षाला सांगेल का, अशी शंका या क्षेत्रातील अनेक कार्यकर्त्यांनी व्यक्त केली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. शासनाजवळ कायमचा पैसा आणि अधिकार असतो; मूक फोन कानाशी धरून बसण्याचा धीर मात्र शासननिर्णयाने निर्माण होत नाही, तो माणसे निवडताना व शिकवताना पाहावा लागतो.

अशा प्रकारच्या इतर वाहिन्याही आता आहेत. उत्तर प्रदेशात रुग्णवाहिकेसाठी १०८, संकटातील स्त्रियांसाठी १८१, ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७, तर मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक देशभर चालतो. रेल्वेतील कोणत्याही अडचणीसाठी १३९ आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण नोकरी-व्यवसाय करीत शिकत आहात आणि स्थानकावरून तुमची रोजची ये-जा असेल. एकटे, निराधार दिसणारे मूल आढळल्यास त्याची माहिती चोवीस तासांच्या आत १०९८, पोलीस किंवा बालकल्याण समितीला देणे हे उपरोक्त कायद्याने सर्वसामान्य नागरिकाचेही कर्तव्य ठरवले आहे. फोन करताना फलाटाचा क्रमांक, जवळची खूण, मुलाचे अंदाजे वय व कपड्यांचा रंग सांगावा. मुलाला ओढून कार्यालयात नेऊ नये. शक्य असल्यास कार्यकर्ता येईपर्यंत त्याच्याजवळ थांबावे. त्याला भूक लागली आहे का, हे मात्र विचारावे.