खुजे घोडे आणि अरबी रक्त

आयाळीच्या शेवटच्या केसापाशी मोजली असता ज्याची उंची ३४ इंचांहून अधिक भरत नाही, त्याच घोड्यास खुज्या घोड्यांची अमेरिकन संघटना आपल्या जातीचा मानते. ही संघटना १९७८ साली स्थापन झाली. तत्पूर्वी १९७२ पासून शेटलंड तट्टांच्या अमेरिकन मंडळाने अशा घोड्यांची निराळी नोंद सुरू केली होती. या घोड्यांतील निवडक नमुने पाहिले म्हणजे आखूड मस्तक, मोठे डोळे, किंचित खोलगट नाकाड, कमानदार मान आणि उंच धरलेली शेपटी यांमुळे अरबी घोड्याची आठवण होते. हे साम्य रक्ताच्या नात्यामुळे आले आहे काय, हा प्रश्न त्यामुळे सहजच उपस्थित होतो. त्याचे उत्तर मात्र 'रक्त' या शब्दाचा अर्थ आपण काय घेतो यावर अवलंबून आहे. वंशपुस्तकात कोठे तरी एखाद्या अरबी घोड्याचे नाव असणे, पित्याकडून पुत्राकडे अखंड चालत आलेली परंपरा अरबी असणे आणि एकंदर जनुकसंपत्तीत अरबी वाटा असणे, या तीन गोष्टी एक नव्हेत. पैदासकारांच्या बोलण्यात त्यांची नेहमी सरमिसळ होते.

खुज्या घोड्याचा मुख्य पूर्वज म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील बेटांवरचे शेटलंड तट्टू. त्या बेटांवर लहान घोड्यांची हाडे कांस्ययुगापासूनची सापडतात. म्हणजे तेथील खुजेपण कोणा परदेशी घोड्याच्या संकरातून आलेले नाही. १८४२ च्या कायद्याने स्त्रिया व दहा वर्षांखालील मुलगे यांना ब्रिटनमधील खाणींत भूमिगत काम करण्यास मनाई झाली आणि कोळशाच्या गाड्या ओढण्यासाठी या तट्टांची मागणी वाढली. लंडनडेरीच्या सरदारांनी १८७० च्या सुमारास ब्रेसे व नॉस या बेटांवर खास याच कामासाठी पैदास आरंभिली. तेथे हवी होती ती बुटकी, रुंद छातीची, भरदार हाडाची जनावरे. डौलदार मस्तकाला खाणीत काय मोल? या पैदाशीचा कळप १८९९ मध्ये विकला गेला, परंतु त्यातील जॅकसारख्या घोड्यांचा ठसा शेटलंड जातीवर कायम राहिला.

अरबी नावे आढळतात ती या मूळ प्रवाहाला मिळालेल्या ओहोळांत. अर्जेंटिनातील फालाबेला ही खुज्या घोड्यांची दुसरी प्रसिद्ध शाखा होय. पॅट्रिक न्यूटॉल याने १८६८ मध्ये तेथील क्रिओयो जातीच्या घोड्यांतून तिची सुरुवात केली. पुढे त्याचा जावई हुआन फालाबेला याने तीत वेल्श तट्टू, शेटलंड आणि लहान चणीचे थरोब्रेड यांची भर घातली व जवळच्या नात्यांत संकर करून ठेंगणेपणा पक्का केला. यांपैकी वेल्श तट्टांचा इतिहास विशेष बोलका आहे. या जातीचा आधारस्तंभ समजला जाणारा डायॉल स्टारलाइट हा घोडा १८९४ मध्ये जन्मला. त्याची आई मूनलाइट हिचे वर्णन तेव्हाच्या जाणकारांनी 'लहानशी अरबी घोडी' असे केले होते. क्रॉशे बेली या कारखानदाराने ब्रेकनच्या डोंगरांत एक अरबी घोडा मोकळा सोडला होता, त्याच्या वंशातील ती असावी असे मानीत. असा कयास बहुतांशी चेहऱ्यावरून बांधलेला आहे, हे येथे लक्षात ठेवावे. अमेरिकेतील शेटलंड तट्टांत हॅकनी जातीचाही संकर झाला. हॅकनीची परंपरा १७५५ मध्ये जन्मलेल्या ओरिजिनल शेल्सपाशी, त्याच्याकडून ब्लेझपाशी, ब्लेझकडून फ्लाइंग चिल्डर्सपाशी आणि अखेर १७०४ मध्ये अलेप्पोहून इंग्लंडात आणलेल्या डार्ली अरेबियनपाशी पोचते.

अर्थात कागदोपत्री 'अरबी' नाव सापडणे शक्य आहे. पण त्या नावाची किंमत काय? अठराव्या शतकातील इंग्रज ग्राहक घोडा जेथून खरेदी झाला त्यावरून त्यास 'अरब', 'तुर्क' किंवा 'बार्ब' म्हणत असे. मुंबईच्या घोडेबाजाराशी परिचय असणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकात बसऱ्याहून व इराणी आखातातील बंदरांतून गलबतांवर आलेली जनावरे येथे सरसकट अरबी म्हणून खपत. बंदराचे नाव म्हणजे जातीचा पुरावा नव्हे.

या ठिकाणी गुणसूत्रांचा अभ्यास उपयोगी पडतो. वाय गुणसूत्र केवळ पित्याकडून पुत्राकडे जाते आणि त्याचा बहुतेक भाग अदलाबदल न होता तसाच राहतो. २०१७ मध्ये वाल्नर व तिच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार आजच्या बहुतेक सर्व जातींतील नरांची वाय गुणसूत्रे गेल्या सुमारे सातशे वर्षांत पसरलेल्या पौर्वात्य परंपरेतून आलेली आहेत. तिच्यात अरबी व तुर्कमान अशा दोन शाखा दिसतात. या नियमाला अपवाद उत्तर युरोपातील मोजक्या जातींत आढळले. त्या म्हणजे आइसलंडचे घोडे, नॉर्वेचे फ्योर्ड आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे शेटलंड तट्टू. शिवाय थरोब्रेडच्या प्रमुख पितृपरंपरा तुर्कमान शाखेत मोडतात असे याच अभ्यासात दिसून आले. २०२० मध्ये अरबी घोड्यांच्या जनुकसंपत्तीची जी विस्तृत पाहणी प्रसिद्ध झाली तिनेही थरोब्रेडमध्ये अरबी जातीचा लक्षणीय वाटा दिसत नाही, असाच निष्कर्ष काढला. मग थरोब्रेडच्या किंवा हॅकनीच्या द्वारे खुज्या घोड्यात अरबी रक्त उतरले, हे म्हणणे दारातच अडखळते. डार्ली अरेबियनच्या नावातील अरबीपण हे जनुकीय सत्य नसून व्यापारी संज्ञा असण्याचा संभव अधिक.

पितृपरंपरा पौर्वात्य निघाली तरी तेवढ्याने घोडा पौर्वात्य ठरत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानातून वारंवार निसटते. नव्या रक्ताची पुन्हा भर न पडल्यास एका पूर्वजाचा वाटा दर पिढीस निम्म्याने घटतो. दहा पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजाचा सरासरी वाटा १/१०२४ एवढाच उरतो. त्याचे वाय गुणसूत्र मात्र, अखंड नरपरंपरा असेल तर, जसेच्या तसे राहते. त्यामुळे एकंदर नात्याचा निर्णय सर्व गुणसूत्रांवरूनच करावयास हवा. ३६ जातींच्या ८१४ घोड्यांची जी पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत खुजे घोडे शेटलंड व आइसलंडच्या घोड्यांच्या समूहात बसले. अरबी घोडे ज्या समूहात होते तो दूर राहिला. अरबी वाटा शून्य आहे असा याचा अर्थ नव्हे. एखाद्या कुळात वेल्श तट्टांमार्फत तो आलेला असू शकेल, पण जातीचे स्वरूप ठरविणारा तो घटक नाही.

मग चेहऱ्याचे काय? घोड्यांच्या आकारमानातील जातीजातींमधील फरकाचा ८३ टक्के भाग केवळ चार जनुकस्थानांनी उलगडतो, असे २०१२ मध्ये दाखविण्यात आले. शेटलंड व इतर लहान जातींत उंची घटविणारा एक फेरबदल यांपैकी एका स्थानाजवळच्या एचएमजीए-२ या जनुकात सापडला. थोडक्या जनुकांनी जर एवढा पालट घडतो, तर पैदासकाराने पिढ्यानुपिढ्या आखूड नाकाड व बारीक हाड निवडले असता अरबी घोड्याचा थेंबही न मिसळता अरबी छाप उमटू शकेल. याला एक चिंताजनक बाजूही आहे. खुज्या घोड्यांत ॲग्रेकन या जनुकातील दोषांमुळे उपास्थींची वाढ खुंटून बुटकेपणाचा विकार उद्भवतो. त्यात कपाळ घुमटासारखे फुगते, नाकाड आखूड होते, जबडे नीट जुळत नाहीत आणि पाय वाकडे होतात. खोलगट नाकाडाला 'अरबी' म्हणून गौरविणाऱ्या परीक्षकाने आपण सौंदर्याची निवड करीत आहोत की व्यंगाची, हे तपासून पाहावे.

उलट, खरे अरबी नाते असल्यास ते कोठे शोधावे याचाही काही मार्ग रोगांनीच दाखविला आहे. अरबी शिंगरांत लहान मेंदूतील पेशींचा ऱ्हास घडविणारा एक आनुवंशिक विकार असतो. शिंगरू जन्मतः ठीक दिसते, पण काही आठवड्यांनी वा महिन्यांनी त्याचे मस्तक थरथरू लागते व चाल अडखळते. या विकाराचा जनुकीय फेरबदल अरबी जातीबाहेर ज्या थोड्या जातींत आढळला, त्यांत वेल्श तट्टांचा समावेश आहे. मूनलाइटविषयीच्या जुन्या कयासाला त्यामुळे थोडे बळ मिळते. ज्या खुज्या घोड्यांच्या वंशपुस्तकात वेल्श नावे आहेत, त्यांच्या मालकांनी नर व मादी या दोहोंची या फेरबदलासाठी तपासणी करणे युक्त होय. दोन्ही पालक वाहक असतील तर दर चार शिंगरांत सरासरी एक शिंगरू बाधित होते, आणि वाहक पालकांच्या अंगावर त्याची कोणतीही खूण नसते.