जवळची नक्कल

१६ जुलै २०२१. दुपारी एक वाजता महाराष्ट्रातील दहावीचा निकाल जाहीर झाला. त्या वर्षी कोरोनामुळे परीक्षा झालीच नव्हती. शाळांनी केलेल्या मूल्यमापनावरून निकाल लावला होता. पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी, त्यांचे आईवडील, काका, मामा आणि शिक्षक अशा सगळ्यांनी एकाच वेळी मोबाइल हातात घेतले. आणि निकालाची संकेतस्थळे बंद पडली. विद्यार्थी उमरखेडचा असो की मुंबईचा, कित्येक तास बहुतेकांना आपले गुण दिसलेच नाहीत.

मुलांनो, असे का होते? संकेतस्थळ म्हणजे काही हवेत तरंगणारी वस्तू नव्हे. ते एखाद्या शहरातील एखाद्या इमारतीत ठेवलेल्या संगणकावर असते. या संगणकाला सर्व्हर म्हणतात. तुम्ही पान उघडता, तेव्हा तुमची मागणी सर्व्हरकडे जाते आणि तो पान पाठवून देतो. पण सर्व्हर एका वेळी ठरावीक मागण्याच पुऱ्या करू शकतो. दुकानात तराजू एकच आणि दारात सारे गाव उभे, अशी मग त्याची अवस्था होते.

गर्दी ही एक अडचण झाली. दुसरी अडचण अंतराची. समजा, सर्व्हर अमेरिकेत, १३ हजार किलोमीटरांवर आहे. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांमध्ये केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात. त्यांतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. जाऊन-येऊन २६ हजार किलोमीटर, म्हणजे ०.१३ सेकंद. हे तर काहीच नाही, असे तुम्ही म्हणाल. पण एक पान उघडायला अशा अनेक खेपा कराव्या लागतात. आधी दोन्ही संगणकांची ओळख, मग सुरक्षित जोडणी, मग मजकूर, मग त्यातील चित्रे. दहा खेपा झाल्या की सव्वा सेकंदाहून जास्त वेळ गेला. शिवाय तारा सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. प्रकाशाचा वेग काही आपल्याला वाढवता येत नाही. मग उपाय एकच, अंतर कमी करणे.

हा उपाय तुमच्या दप्तरातही सापडेल. बालभारतीचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे. म्हणून पुस्तकासाठी यवतमाळचा प्रत्येक विद्यार्थी पुण्याला जातो का? नाही. पुस्तकांचे गठ्ठे आधीच ठिकठिकाणच्या भांडारांत पोचतात. आपल्या विभागाचे भांडार अमरावतीला आहे. तेथून पुस्तके तालुक्याला येतात आणि मग शाळेत.

संकेतस्थळांसाठी हेच काम करणाऱ्या व्यवस्थेला कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क किंवा थोडक्यात सीडीएन म्हणतात. मूळ सर्व्हर एका ठिकाणी असतो आणि त्यावरील मजकुराच्या, चित्रांच्या नकला गावोगावच्या सर्व्हरांवर ठेवलेल्या असतात. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९५ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत गर्दीचा हा प्रश्न मांडला होता. तेथील गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल लुइन यांनी तो हाती घेतला. कोणती नक्कल कोणत्या सर्व्हरवर ठेवावी, याचे गणित त्यांनी बसवले आणि १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी काढली. आज अशा अनेक कंपन्या आहेत. क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीने तर आपल्या शेजारी, नागपुरातही केंद्र उभारले.

पण जवळची नक्कल कोठे आहे, हे मोबाइलला कसे कळते? तुम्ही संकेतस्थळाचे नाव लिहिता, तेव्हा मोबाइल आधी त्याचा पत्ता विचारतो. हा पत्ता म्हणजे एक अंक असतो. सीडीएनची यंत्रणा यवतमाळच्या माणसाला एका सर्व्हरचा पत्ता देते आणि लंडनच्या माणसाला दुसऱ्याचा. नाव एकच, पत्ते निरनिराळे! मात्र येथे 'जवळ' हे नकाशावरून ठरत नाही, तारांच्या वाटेवरून ठरते. तुमच्या मोबाइल कंपनीची तार आधी मुंबईला जात असेल, तर नागपूरपेक्षा मुंबईच जवळची ठरते.

नकलेला मुदत असते. मूळ पान बदलले आणि नक्कल जुनीच राहिली, तर लोकांना शिळी बातमी मिळेल. म्हणून प्रत्येक नकलेवर ती किती वेळ चालेल, हे लिहिलेले असते. मुदत संपली की मूळ सर्व्हरला पुन्हा विचारायचे. (नक्कल, मुदत, ताजी, हजर हे शब्द तुम्हांला शिकवावे लागत नाहीत. ते मराठीत आले आहेत फारसी-अरबीतून, तुमच्या ओळखीच्या वाटेने.)

निकालाचे काम मात्र थोडे अवघड असते. क्रिकेटच्या बातमीचे पान लाखो लोकांना एकसारखेच हवे असते. गुणपत्रिका प्रत्येकाची वेगळी. रेहानाच्या गुणपत्रिकेची नक्कल सलीमच्या काय कामाची? त्यामुळे गर्दी वाटून देणे हाच मुख्य मार्ग उरतो. नंतरच्या वर्षांत दहावीचा निकाल अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही मिळू लागला, तो यासाठीच. बँकेच्या खात्यातील शिल्लक तर नकलेवरून सांगणे धोक्याचेच.

आता सामन्याचे पाहा. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर भारत आणि न्यूझीलंड यांच्यात विश्वचषकाचा उपान्त्य सामना झाला. विराट कोहलीने पन्नासावे एकदिवसीय शतक केले, तो हाच सामना. हॉटस्टारवर तो एका वेळी ५ कोटी ३० लाख ठिकाणी पाहिला जात होता. चार दिवसांनी अहमदाबादच्या अंतिम सामन्यात हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. जे घडते आहे त्याची नक्कल आधीच कशी ठेवणार? युक्ती अशी, की चित्रणाचे काही सेकंदांचे तुकडे करतात. प्रत्येक केंद्र प्रत्येक तुकडा मूळ ठिकाणाहून एकदाच मागवते आणि आपल्या भागातील हजारो मोबाइलांना वाटते.

शेजारच्या घरात टीव्हीवर चौकार गेल्याचा जल्लोष होतो आणि तुमच्या मोबाइलवर गोलंदाज अजून धावतच असतो, हे तुम्ही पाहिले असेल. तुकडे करण्यात आणि त्यांच्या नकला पोचवण्यात थोडा वेळ जातो. शिवाय चित्र मध्येच अडू नये, म्हणून मोबाइल दोन-तीन तुकडे आधी साठवून घेतो आणि मगच दाखवू लागतो.