मॅग्नमचा मोह आणि उसाच्या फडातले रानडुक्कर

शिराळा, पाटण, जावळी किंवा कराड तालुक्याच्या डोंगराकडेच्या गावांत ऊस पेऱ्यावर आला की शेतकऱ्याची झोप उडते. रात्री रानडुकरांचा कळप फडात शिरतो, खातो थोडे आणि नासधूस करतो फार. सकाळी आडव्या पडलेल्या उसाकडे पाहत उभ्या असलेल्या माणसाला कोणीतरी हटकून सांगतो, "एखादी दमदार रायफल हवी होती. लांबूनच उडवला असता." मग गप्पा 'मॅग्नम'वर येतात. इंग्रजी चित्रपटांनी आणि दूरचित्रवाणीवरील शिकारपटांनी या शब्दाभोवती एक वलय निर्माण केले आहे. मॅग्नम म्हणजे हमखास नेम, मॅग्नम म्हणजे अर्ध्या किलोमीटरवरचे जनावर एका गोळीत आडवे, असा समज त्यातून रूढ झाला. हा समज कितपत खरा आहे आणि सातारा-सांगलीच्या मातीत तो कितपत लागू पडतो, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

'मॅग्नम' म्हणजे काय?

मॅग्नम हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ मोठा. दीड लिटरच्या मद्याच्या बाटलीला मॅग्नम म्हणतात, तोच शब्द काडतुसांना चिकटला. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडातील ठिणगी देणारी टोपी, आतील दारू आणि तोंडावर बसवलेली गोळी. त्याच व्यासाच्या नेहमीच्या काडतुसापेक्षा मोठी पुंगळी आणि अधिक दारू वापरून गोळीला जादा वेग दिला की ते काडतूस मॅग्नम म्हणवले जाते. गोळी तीच, ढकलणारा जोर मोठा, एवढेच त्याचे मर्म.

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कंपनीने १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम बाजारात आणले. त्याच्या पुंगळीच्या बुडाशी पट्ट्यासारखा उंचवटा होता. निमुळत्या पुंगळीला नळीच्या घरात अचूक बसवण्यासाठी तो उपयोगी पडे. हा पट्टा पुढे मॅग्नमची ओळखच बनला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी कंपन्यांनी दूरच्या नेमबाजीकडे लक्ष वळवले. १९६२ मध्ये ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम आणि १९६३ मध्ये .३०० विंचेस्टर मॅग्नम ही काडतुसे आली. जगभरातील लांब पल्ल्याच्या शिकाऱ्यांत ती आजही लोकप्रिय आहेत.

वितीभराचा फायदा

मॅग्नमने नेमके काय मिळते, हे आकड्यांत पाहिलेले बरे. .३०-०६ हे जुने, सर्वपरिचित काडतूस सुमारे ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगाने सोडते. .३०० विंचेस्टर मॅग्नम तीच गोळी सुमारे ९०० मीटर वेगाने फेकते. वेगातील वाढ दहा टक्क्यांच्या आसपास. परंतु ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती सुमारे ३,९०० ज्यूलवरून ४,७०० ज्यूलवर जाते.

गोळी कितीही वेगवान असली तरी नळीतून सुटल्याक्षणी ती खाली येऊ लागते. दोन्ही रायफलींचा नेम २०० यार्डांवर जुळवला, तर ५०० यार्डांवर (सुमारे ४५७ मीटर) .३०-०६ ची गोळी नेमाच्या रेषेखाली साधारण सव्वा मीटर जाते, तर मॅग्नमची सुमारे एक मीटर. म्हणजे मॅग्नमचा फायदा साधारण वितीभराचा.

आता दुसरी बाजू पाहू. हरणाच्या जातीच्या जनावराचा हृदय-फुफ्फुसाचा मर्मभागही जेमतेम वीतभरच असतो. ५०० यार्ड अंतर चुकून ४५० वाटले, तर मॅग्नमची गोळीसुद्धा वीतभर खाली लागते. अंदाजातील एवढी एक चूक मॅग्नमने दिलेला सगळा फायदा गिळून टाकते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा असेल, तर त्या अंतरावर दोन्ही गोळ्या अर्ध्या मीटरच्या आसपास बाजूला वाहत जातात. शिवाय गोळी तिथे पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात चरणारे जनावर एक पाऊल टाकते आणि मर्मावर लागायची गोळी पोटात लागते.

जादा वेगाची किंमतही मोजावी लागते. दारू जवळजवळ पावपट अधिक जळते, खांद्याला बसणारा धक्का एक तृतीयांशाने किंवा त्याहून वाढतो, आवाज कानठळ्या बसवतो आणि नळी लवकर झिजते. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटणे हा मॅग्नम वापरणाऱ्या नवख्यांचा नेहमीचा दोष आहे. म्हणून जाणते शिकारी काडतूस निवडताना आधी पाच प्रश्न विचारतात. जनावर केवढे? अंतर किती? तो धक्का सोसून आपला नेम स्थिर राहतो का? त्या काडतुसात कामाला योग्य अशी गोळी मिळते का? आणि नेम चुकला तर गोळी अडवायला मागे काय आहे?

जिथे मॅग्नम शोभते

या प्रश्नांची उत्तरे मॅग्नमच्या बाजूने जातात, असे प्रदेश जगात आहेत. न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्समध्ये १९०४ मध्ये आपल्या हिमालयातील थार हा रानबोकड नेऊन सोडण्यात आला. नैसर्गिक शत्रू नसल्याने तो बेसुमार वाढला आणि आज तेथे त्याची शिकार केली जाते. एका कड्यावरून समोरच्या कड्यावरील जनावर टिपायचे, मध्ये दरी, मागे डोंगराची भिंत आणि आसपास वस्ती नाही. अमेरिकेच्या रॉकी पर्वतात एल्कसारख्या मोठ्या हरणाच्या शिकारीतही हीच स्थिती असते. तेथे सपाट जाणारी, दूरवर जोर टिकवणारी गोळी खरोखर उपयोगाची ठरते.

भारतातील जुन्या शिकारीचा अनुभव मात्र वेगळा होता. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जी रायफल भेट मिळाली, ती .२७५ रिग्बी होती. मॅग्नम नव्हे, मध्यम ताकदीची. कॉर्बेट यांचे यश जनावराची चाल ओळखून जवळ जाण्यात होते.

आपली जमीन

सातारा-सांगलीचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. पश्चिमेला सह्याद्रीचे दाट जंगल, त्यात कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान. ही दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याखाली कृष्णा, कोयना आणि वारणेच्या खोऱ्यातील ऊसपट्टा. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा मोकळा माणदेशी माळ.

उसाच्या फडात दृष्टी किती पोहोचते? रात्री बॅटरीच्या उजेडात वीस-तीस मीटर, फार तर बांधावरून पन्नास. तेथे ५०० यार्डांचे काडतूस काय कामाचे? उलट धोका मोठा. .३०० मॅग्नमची गोळी वर उचलून सुटली, तर चार किलोमीटरपर्यंत किंवा त्याही पुढे जाऊ शकते. ऊस तिला अडवत नाही, फक्त तिची दिशा बिघडवतो. फडापलीकडे ऊसतोड मजुरांची पाले असतात, रात्रपाळीला पाणी पाजणारा माणूस असतो, बैलगाड्यांची वाट असते. माळावर नजर दूर जाते हे खरे. पण तेथे मेंढपाळांचे वाडे विखुरलेले असतात आणि सपाट जमिनीवर गोळी अडवायला मागे काहीच नसते. डुक्कर जखमी होऊन फडात शिरले, तर पहाटे तोडणीला येणाऱ्यांवर ते धावून जाते, ही आणखी एक जोखीम.

कायदा काय सांगतो?

हौसेखातर शिकार हा विषय आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला आहे. २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गवा आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. कायद्याच्या ११ व्या कलमानुसार उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या दुसऱ्या अनुसूचीतील जनावराला मारण्याची परवानगी मिळू शकते. मात्र ती अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी आणि कारणे नमूद केलेल्या आदेशानेच. अशा आदेशाने मारलेले जनावरही शासनाची मालमत्ता असते. मांस वाटून घेतले की परवानगी असूनही गुन्हा घडतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

१९५९ चा शस्त्र कायदाही येथे बोलका आहे. परवान्याच्या १३ व्या कलमात पीक संरक्षणासाठी नाव घेतले आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. म्हणजे पीक राखण्याचे काम जवळच्या पल्ल्याचे आहे, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. आज परवानाधारकांकडे बहुधा बारा बोअरची दुनळी असते किंवा .३१५ रायफल. ब्रिटिशांनी .३०३ हे लष्करी काडतूस नागरिकांना वर्ज्य केले, म्हणून .३१५ प्रचारात आले. त्याची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होत आली आहेत. जड आणि तुलनेने संथ गोळीचे हे काडतूस दिमाखदार नाही. पण आपल्याकडील अंतरांना ते पुरून उरते.

वारशाने आलेली रायफल

संस्थानी काळापासून काही घराण्यांत जुन्या मॅग्नम रायफली आहेत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य नागरिकाला परदेशी बंदुकीची आयात बंद आहे, त्यामुळे या रायफलींचे मोल वाढले. अशी रायफल वारशाने आली असेल, तर पहिली गोष्ट परवान्याची. वारसाला स्वतःच्या नावे परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात.

दुसरी गोष्ट काडतुसाच्या नावाची. .३०० हॉलंड, .३०० विंचेस्टर आणि .३०० वेदरबी या तिन्हींच्या गोळीचा व्यास एकच. परंतु पुंगळ्या वेगळ्या. आकडा केवळ व्यास सांगतो, पुंगळी सांगत नाही. नळीवर कोरलेले संपूर्ण नाव आणि काडतुसाच्या बुडावरील नाव तंतोतंत जुळल्याखेरीज काडतूस भरू नये. चुकीचे काडतूस नळी फोडू शकते आणि जीवही घेऊ शकते. आजोबांच्या पेटीतील पन्नास-साठ वर्षांची काडतुसे वापरणेही तितकेच धोक्याचे. जुनी रायफल जाणत्या परवानाधारक कारागिराकडून तपासून घेतल्यावाचून चालवू नये.

मग शेतकऱ्याने करावे काय?

बंदूक हा यातील सर्वांत दुबळा उपाय आहे. एक डुक्कर मारले तरी कळप आठवड्याने परत येतो. नुकसान होताच, शक्यतो तीन दिवसांच्या आत, वन विभागाकडे अर्ज करून पंचनाम्याचा आग्रह धरावा. रानडुक्कर, गवा, हरीण यांनी केलेल्या पीकहानीला राज्य शासनाची भरपाई आहे. ती अपुरी आणि उशिरा मिळते ही तक्रार रास्त आहे. पण अर्जच न केल्यास नुकसानीची नोंदही होत नाही. जंगलालगतच्या गावांना सौरकुंपणासाठी अनुदानाची योजना आहे. सौरकुंपण क्षणभराचा झटका देते, जीव घेत नाही. घरच्या विजेची तार बांधावर सोडणे किंवा कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवणे हे मात्र सरळसरळ जीवघेणे. डुकराआधी शेजाऱ्याचे गुरू, कुत्रे किंवा पोरही त्याला बळी पडू शकते.

दूरवर अचूक नेम धरण्याची ओढ माणसाला उपजतच असावी. ती भागवायला जनावरच हवे असे नाही. शेजारच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. त्या खेळात दहा गुणांचे वर्तुळ असते अवघे १०.४ मिलिमीटरचे, आणि काडतूस असते .२२ चे, म्हणजे रायफलींतील सर्वांत लहानांपैकी एक. तो नेम साधतो तो सरावाने. काडतुसाच्या आकाराने नव्हे.