खिडकी बंद, झोप चालू!

रस्त्यावरचा गोंगाट घराबाहेर ठेवायचा म्हणून जुन्या खिडक्या काढून डबल ग्लेझिंग करायचा विचार आहे? थांबा! आधी आमच्या घरातला हा किस्सा वाचा. तुमचे पैसे वाचतील, आणि कदाचित एखादी छान जुनी खिडकीसुद्धा.

सकाळचे साडेसात. नाइट शिफ्ट संपवून आलेले आमचे नवरोबा अंथरुणावर आडवे होतात आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर खाली सिग्नल सुटतो. पीएमपीची बस गिअर बदलते. रिक्षावाला हॉर्नवर अंगठा ठेवतो आणि उचलायचं विसरतो. आमचं घर कर्वे रोडवर, दुसऱ्या मजल्यावर. 'काय लोकेशन आहे गं तुमचं!' म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी एकदा राहायला बोलावते. ती पुन्हा तसं म्हणत नाही.

मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा वाटायचं, हे संपलं की सुटलो. ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो धावायला लागली. काम संपलं, ट्रॅफिक काही संपलं नाही. सवय होईल, होईल म्हणत आम्ही दिवस ढकलत होतो. आणि मग एका सकाळी ऑफिसातून परतताना नवऱ्याला सिग्नलला बाइकवरच डुलकी लागली आणि तो पडला. गाडी उभीच होती, म्हणून खरचटण्यावर निभावलं. पण त्या दिवशी मी ठरवलं. बस्स झालं. खिडक्या बदलायच्या!

बाबांचा व्हेटो

खिडक्या कुणाच्या? सासऱ्यांच्या! १९८४ साली बाबांनी स्वतः लाकूड निवडून, सुताराच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलेल्या. सागवानी चौकट, दोन झडपा, पितळी कड्या. चाळीस वर्षांत वाळवी नाही की काही नाही. आई गेल्यापासून बाबांचा अर्धा दिवस हॉलच्या खिडकीतच जातो.

'अगं, खिडकी कायमची बंद केलीत तर मला कळणार कसं भाजीवाली आली ते?' त्यांनी विचारलं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तह झाला. आधी बेडरूमची एकच खिडकी बदलायची, मग बघू.

पहिला प्रयत्न, पहिली फजिती

एक कॉन्ट्रॅक्टर मिळाला. 'मॅडम, एकदम साउंडप्रूफ होणार!' किंमत कमी, काम दोन दिवसांत. जुनी खिडकी गेली, तिथे चकचकीत स्लायडिंग आली, डबल काचेची. रात्री आम्ही दिवा मालवून, श्वास रोखून ऐकलं. बस आली. आवाज थोडासा कमी. बास, थोडासाच!

दुसऱ्या दिवशी बाबा उदबत्ती घेऊन बेडरूममध्ये आले. मला वाटलं, देवाला साकडं घालतायत. त्यांनी पंखा बंद केला आणि खिडकीच्या कडेकडेने उदबत्ती फिरवली. सरळ वर जाणारा धूर दोन झडपा एकमेकींवरून सरकतात तिथे वाकडा झाला. चौकट आणि भिंत यांच्या फटीपाशीही तेच. 'वारा येतोय तिथून आवाज येणारच ना, पोरी?' चाळीस वर्षं खिडकीशी बसलेल्या माणसाला कोण काय शिकवणार!

पुढे पावसाळ्यात तर कहर झाला. दोन काचांच्या मधोमध धुकं! बाहेरून पुसा, आतून पुसा, जायचं नाव नाही. कॉन्ट्रॅक्टरचा फोन तोवर लागेनासा झाला होता.

भानगड नेमकी काय असते?

मग मी जरा अभ्यास केला. दोन काचांमध्ये हवा कोंडायची ही आयडिया चांगलीच जुनी आहे. न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेट्सन यांनी १८६५ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. हेतू होता थंडी अडवायचा. बाहेर बर्फ, आत शेकोटी, मध्ये कोंडलेली हवा. साध्या एकेरी काचेतून आरपार जाणारी उष्णता यामुळे साधारण निम्म्यावर येते.

पण आपलं दुखणं वेगळं. पुण्यात एप्रिलमध्ये बाहेर ४० अंश आणि एसी २६ वर, म्हणजे फरक १४ अंशांचा. शिवाय आपल्याकडे खिडकीतून गरमी येते ती मुख्यतः थेट उन्हाने, आणि साध्या पारदर्शक काचा दोन लावल्या तरी ऊन बरंचसं आत येतंच. त्यावर जुना छज्जा, बाहेरून सोडलेला बांबूचा पडदा किंवा ऊन परतवणारी खास काच हेच खरे उपाय. एसी लावत नसाल, तर फक्त गारव्यासाठी डबल ग्लेझिंग करू नका!

आवाजाचं गणित आणखी निराळं. दोन्ही काचा सारख्याच जाडीच्या असल्या की दोघी एकाच सुरात थरथरतात आणि तेवढे आवाज सहज पार होतात. म्हणून एक काच जाड, एक पातळ हवी. त्यातली एक लॅमिनेटेड असेल तर सोन्याहून पिवळं. तिच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो थरथर जिरवतो. आणि मधली जागा जितकी मोठी तितकं बरं. त्यामुळे जुनी खिडकी न काढता आतल्या बाजूने चार इंच सोडून दुसरी खिडकी बसवली, तर ती कित्येकदा महागड्या डबल ग्लेझिंगलाही भारी पडते.

आणि मधलं धुकं? चांगल्या युनिटमध्ये काचांच्या कडेच्या पट्टीत ओल शोषणारे दाणे भरलेले असतात आणि कडा कारखान्यात सील केलेल्या असतात. आमच्या 'साउंडप्रूफ'मध्ये दोन काचा नुसत्या टेपने चिकटवल्या होत्या!

मग आम्ही काय केलं?

बेडरूमची ती स्लायडिंग काढून टाकली. या वेळी बाहेर उघडणारी, दाबून बंद होणारी झडप घेतली. चारही बाजूंनी रबर, एक काच लॅमिनेटेड, चौकटीभोवतीची फट फोम भरून वर सिलिकॉनने बंद. कोटेशन पहिल्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे दोन्ही मिळून आम्ही एकाच खिडकीचे तिप्पट पैसे भरले. हे वाक्य लिहिताना अजून हात थरथरतो.

हॉलच्या खिडकीला मात्र कुणी हात लावला नाही. सुताराने बिजागऱ्या बदलल्या, तावदानांची पडलेली लांबी पुन्हा भरली, झडपांच्या कडेला रबराची पट्टी लावली. खर्च त्या मानाने किरकोळ. बंद केली की आवाज बऱ्यापैकी कमी, उघडली की बाबांचा सगळा कर्वे रोड हजर!

बेडरूममध्ये शांतता आहे का? पूर्ण नाही. बसच्या इंजिनाची घरघर अजून बारीक येते. जड, घुमणारे आवाज अडवणं सगळ्यात कठीण. पण हॉर्न लांब गेलेत. नवरोबा पहिल्या सकाळी सलग साडेपाच तास झोपले. मी दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना बघून आले.

खिडकी बदलण्याआधी...

* फटी शोधा. पंखा बंद करा, उदबत्ती फिरवा. अर्धं काम नुसत्या रबरानेही होऊ शकतं.
* हेतू ठरवा. आवाज, ऊन की धूळ? प्रत्येकाची काच वेगळी. सगळ्या घराला एकच औषध नको.
* कोटेशनमध्ये काचांची जाडी, मधलं अंतर, लॅमिनेटेड आहे की नाही आणि सीलची वॉरंटी लिहून घ्या. 'साउंडप्रूफ' हा शब्द ऐकला की सावध व्हा.
* सोसायटीची लेखी परवानगी आधी काढा. बाहेरून इमारत वेगळी दिसणार असेल तर वाद नक्की.
* हवेची सोय ठेवा. घट्ट बंद खोलीत गुदमरतं. आणि बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथली झरोक्याची खिडकी कधीही बंद करू नका. त्याचा विषारी वायू जीव घेऊ शकतो.
* पावसाळ्यात एसी चालू असताना काचेला बाहेरून दव आलं तर घाबरू नका. दव मधोमध आलं तर मात्र युनिट बदलायलाच हवं.

परवा सकाळी दहाला मी घरून काम करत होते. भाजीवाली नेहमीसारखी खालून हाक मारणार, तेवढ्यात हॉलच्या उघड्या खिडकीतून बाबांनी तिला हाताने खूण केली. मग वाकून हळूच म्हणाले, 'आज ओरडू नका हो बाई. पोरगा झोपलाय.'

मी काहीच बोलले नाही. एवढं चांगलं साउंडप्रूफिंग मला कुठल्याच कोटेशनमध्ये मिळालं नव्हतं!